मॅडिसन, फातूमाता, इमानी : न्यू यॉर्कमधल्या कृष्णवर्णीय मुलींची नावं (आणि आपण त्यांना ठेवलेली नावं)

बोरीबंदर_ते_ब्रॉन्क्स (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षं मी न्यू यॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका मुलांच्या दवाखान्यात खिडकीवर बसते. कागद तपासायचे, विम्याचं कार्ड घ्यायचं आणि नंबर आला की मोठ्यांदा नाव पुकारायचं. यातलं सगळ्यात अवघड काम हे तिसरं.

रुजू झाले त्याच आठवड्यात मी एका बाळाचं नाव असं काही पुकारलं की त्याची आई जागची हललीच नाही. तिसऱ्या हाकेला उठली, खिडकीशी आली आणि शांतपणे म्हणाली, "आय-सा-तू. अवघड नाहीये." माझं स्वतःचं नाव ज्ञानदा. अमेरिकेत आल्यापासून मी नंदा, ग्नाना, जनांदा असं काय काय होऊन बसलेय. निदान मला तरी कळायला हवं होतं. आणि फातूमाता पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, शितळामातेसारखं एखादं देवस्थान असावं असंच वाटलं होतं.

परवा सहज शहराची यादी चाळली. न्यू यॉर्कचा आरोग्य विभाग बाळांच्या लोकप्रिय नावांची यादी काढतो. मुलगा-मुलगी वेगळी आणि आईच्या वंशगटाप्रमाणेही वेगळी: हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे), गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई. गोऱ्या मुलींत एस्थर, लेआ, रेचेल अशी बायबलमधली नावं वर दिसतात, कारण ब्रुकलिनमधली कर्मठ ज्यू कुटुंबं आणि त्यांची भरपूर मुलंबाळं. कृष्णवर्णीय मुलींत मॅडिसन, आलिया, कायला, क्लोई, सिरेनिटी, स्कायलर, लंडन, आणि त्याच पंगतीला फातूमाता, अमिनाता, मरियम, आयसातू.

मला जे खटकलं (की आवडलं?) ते हे, की रकाना एक, पण त्यात माणसं तीन-चार तऱ्हेची. गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, ज्यांची कुटुंबं दक्षिणेतल्या राज्यांतून गेल्या शतकात वर सरकली. जमैका, हैती, त्रिनिदादहून येऊन ब्रुकलिनच्या फ्लॅटबुशकडे वसलेले. आणि अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांत सेनेगल, गिनी, माली, गांबिया, घानाहून आलेले, जे मला रोज भेटतात. फॉर्मवर सगळ्यांची खूण एकाच चौकोनात. नाव पुकारलं की मात्र कोण कुठलं ते कळतं.

कोणाला या नावांमागचं काही ठाऊक असेल तर भर घाला. (दवाखान्यातल्या कोणाची ओळख पटेल असं इथे काही नाही. आयसातू नावाच्या मुली ब्रॉन्क्सात ढिगाने आहेत.)

आकडेमोडे

यादी उतरवून घेतली. शहराच्या ओपन डेटाच्या साइटवर २०११ पासूनची मिळते. कोणी बेरजा करणार असाल तर सावध राहा. २०१२ च्या ओळींत गटाचं नाव अर्धवट छापलंय, 'ब्लॅक नॉन हिस्प' एवढंच. त्यामुळे तेवढे लोक वेगळाच गट म्हणून मोजले जातात. मी अर्धा तास डोकं धरून बसलो होतो.

स्पेलिंग बदललं की नाव वेगळं धरतात. आलियाला सुरुवातीला एक ए की दोन, मकायलाला मधे के की सी, सगळ्यांचे हिशेब वेगळे. उच्चाराने मोजलं तर क्रम बराच हलेल. फातूमाता आणि फातिमा तर एकाच नावाची दोन वळणं आहेत, पैगंबरांच्या मुलीचं नाव. पश्चिम आफ्रिकेतल्या, पूर्वी फ्रेंच अमलाखाली असलेल्या देशांत त्याचं फातूमाता झालं.

पण खरी मेख पुढे आहे. ज्या नावाच्या दहापेक्षा कमी मुली, ते नाव यादीत येतच नाही. म्हणजे ही यादी कोणाची, तर ज्यांनी दुसऱ्या कोणासारखं नाव ठेवलं त्यांची. अख्ख्या शहरात कोणाचं नसलेलं नाव ज्या आईने घडवलं, ती यातून आपोआप गळाली. आणि कृष्णवर्णीय अमेरिकन घरांत हे घडवणं किती चालतं याचा अंदाज हवा असेल तर रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांचा २००४ चा निबंध बघा. कॅलिफोर्नियाची १९६१ ते २००० ची जन्मनोंदणी त्यांनी चाळली. शेवटच्या वर्षांत तिथल्या ४० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय मुलींची नावं अशी होती, जी त्या वर्षी राज्यातल्या एकाही गोऱ्या मुलीला ठेवली गेली नव्हती.

तेव्हा 'सगळ्यात लोकप्रिय नाव' हा शब्दच इथे जरा लंगडा पडतो. पहिलं आलेलं नावसुद्धा फार थोड्या मुलींचं असतं.

जुने_दप्तर

मॅडिसनवरून राहवत नाही म्हणून लिहितो. २०१०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात हे नाव या यादीत सतत अगदी वर होतं. आता त्याची वंशावळ बघा.

मुळात ते आडनाव. जेम्स मॅडिसन, अमेरिकेचा चौथा अध्यक्ष, घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, आणि व्हर्जिनियात शंभरावर माणसं गुलाम म्हणून बाळगणारा मळेवाला. त्याच्या नावाने मॅनहॅटनमध्ये चौक, चौकावरून मॅडिसन अव्हेन्यू. मग १९८४ साली 'स्प्लॅश' नावाचा सिनेमा आला. त्यात एक जलपरी न्यू यॉर्कमध्ये येते. तिचं खरं नाव माणसांच्या तोंडाला पेलत नाही, म्हणून ती रस्त्यावरची पाटी वाचून 'मॅडिसन' हे नाव घेते. नायक तिला आधी सांगतो की अगं, हे काही नाव नव्हे! विनोदच होता तो. त्याआधी हे मुलीचं नाव म्हणून जवळपास कोणी ठेवत नसे. विनोद लोकांनी मनावर घेतला आणि पंधरा-वीस वर्षांत देशभर मॅडिसनच मॅडिसन.

म्हणजे गुलामांच्या मालकाचं आडनाव, त्याचा रस्ता, रस्त्याची पाटी, पाटीवरून जलपरी, आणि जलपरीवरून हार्लेम-ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय लेकी. असा उलटा प्रवास मी दुसऱ्या कुठल्या नावाचा पाहिलेला नाही.

आणखी एक. सॅली हेमिंग्ज ही थॉमस जेफरसनच्या मालकीची गुलाम स्त्री. जेफरसनपासून झालेल्या तिच्या एका मुलाचं नाव मॅडिसन हेमिंग्ज. हे नाव जेम्स मॅडिसनच्या बायकोने सुचवलं होतं, असं त्याने आपल्या आठवणींत सांगितलंय. त्या आठवणी १८७३ साली वर्तमानपत्रात छापून आल्या. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' काढली आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण साल डोक्यातून जात नाही.

शनिवारची_खिचडी

बाकीच्या नावांत सिनेमा-गाण्यांचा वाटा मोठाच आहे. आलिया अरबी, अर्थ 'उंच, थोर'. पण अमेरिकेत ते पसरलं ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या गायिकेमुळे. तिचा पहिला अल्बम १९९४ चा. ऑगस्ट २००१ मध्ये बहामाजला विमान पडून ती गेली, वय अवघं २२. त्यानंतर नाव उलट वाढलं. स्टीव्ही वंडरची मुलगी आयेशा १९७५ ची. तिच्यावरचं गाणं आलं आणि आयेशा घरोघरी. १९७७ च्या जानेवारीत 'रूट्स' ही एका गुलाम कुटुंबाची टीव्ही मालिका लागली, त्यातल्या किझीमुळे त्या वर्षी किझी. आणि नेव्हेया हे 'हेवन' हा शब्द उलटा लिहून केलेलं. २००० साली एका गायकाने टीव्हीवर आपल्या मुलीचं नाव सांगितलं आणि पाच वर्षांत ते देशातल्या पहिल्या शंभरात. पण ते सगळ्याच वंशांत चालतं, फक्त यांचं नाही.

माझी आवडती मात्र अशांती. घानातल्या असांते लोकांवरून आलेलं नाव. त्या नावाची न्यू यॉर्कची गायिकाही आहे. माझ्या बहिणीच्या हाफिसात एक आहे, गोड स्वभावाची. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "अगं बाई, पोरीचं नाव अशांती? कोणी ठेवलं गं असलं?"

पारावरचा_पंच

सगळं छान चाललंय. पण कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं. आलिया, मरियम ठीक आहेत, त्यांना अर्थ आहे. लाकीशा, शानिक्वा, लातोया हे काय आहे? नुसती अक्षरांची भेळ. आईबापांना हौस, भोगायचं पोरीने. उद्या नोकरीला अर्ज केला की नाव वाचूनच बाजूला टाकणार. एवढं कळत नाही का त्यांना?

शनिवारची_खिचडी

पंच, शनायाचा अर्थ सांगा. मग लाकीशाचा विचारू. आमच्या सोसायटीत तीन शनाया, दोन कियारा आणि एक रियांश आहेत. रियांशच्या बाबांनी अर्थ दोनदा सांगितला, दोन्ही वेळा वेगळा.

आकडेमोडे

अर्ज बाजूला टाकतात हे खरं आहे. त्याचा शोधही झालाय. मेरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत सुमारे ५,००० खोटे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नाव बदललेलं: कुठे एमिली, कुठे लाकीशा. गोऱ्या वळणाच्या नावाला मुलाखतीची बोलावणी ५० टक्के जास्त आली. २००४ साली छापून आलं.

पण यावरून पंचांचा निष्कर्ष निघत नाही. चूक अर्ज टाकणाऱ्याची की नावाची? फ्रायर-लेव्हिट यांनी दुसऱ्या टोकाने पाहिलं. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती, वस्ती हे सगळं सारखं धरलं तर नुसत्या नावामुळे त्या मुलींचं पुढचं आयुष्य वाईट झालं असं त्यांना दिसलं नाही. दोन्ही शोध एकाच वर्षीचे. अर्थशास्त्राचे लोक अजून त्यावर भांडतात.

आणि हे अमेरिकेतलंच आहे असं समजू नका. आपल्या अमरावतीकडचे सुखदेव थोरात आणि न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे पॉल अ‍ॅटवेल यांनी तोच प्रयोग भारतात केला. इंग्रजी पेपरांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज, शिक्षण सारखं, आडनावं वेगवेगळी. सवर्ण हिंदू आडनावाच्या मानाने दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलं.

पारावरचा_पंच

मी तेच म्हणतोय ना, जग असंच आहे. मग मुलीला कशाला त्यात ढकलायचं? साधं 'ग्रेस' ठेवा.

इंदोरा_एक्सप्रेस

पंचभाऊ, मी नागपूरचा. तुम्हाले एक घरची गोष्ट सांगतो, मग बोला.

माह्या पणजीचं नाव कचरी. तिच्या बहिणीचं धोंडी. आजीच्या पिढीत दगडी होती, फकिरी होती. काही नावं पोर जगावं म्हणून ठेवत, हे खरं. पण काही यासाठी, का गावातल्या वरच्या लोकांसारखं नाव ठेवलं तर गाव ऐकून घेत नसे. चांगलं नाव ठेवाले बी परवानगी लागे, म्हणा ना.

१४ ऑक्टोबर १९५६ ले दीक्षाभूमीवर आजा-आजी होते. त्याच्यानंतर आमच्या घरात जन्मलेल्या पोरींची नावं बघा: सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, संघमित्रा, गौतमी, करुणा. एका पिढीत कचरीची संघमित्रा झाली. कोणाले वाटेल नुसती फॅशन. ते घरच्यांनी आपल्या हाताने लिहिलेलं पयलं कागदपत्र होतं. आणि हो, संघमित्रा नाव ऐकून कोण कुठली ते लोकांना लगेच कळे, आजही कळते. तोटा होते तो होतेच. म्हणून तिचं नाव ग्रेस ठेवाचं काय?

तिकडे १९६० च्या शेवटी-शेवटी ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेच्या काळात जे झालं ते मले यासाठी समजते. फ्रायर-लेव्हिटच्या त्याच निबंधात आहे, का १९६० च्या सुरुवातीला काळ्या-गोऱ्यांची नावं बरीच सारखी होती आणि १९७० च्या आसपास कृष्णवर्णीय नावं एकदम फुटून वेगळी झाली. सारा इतिहास मालकांनी ठेवलेल्या नावांचा. मग माणसं म्हणाली, आता आमचं आम्ही ठेवू. अर्थ नसला तरी चालते, आमचं असलं पाहिजे. आपल्या इकडे १९७२ ले मुंबईत दलित पँथर निघाली तीबी त्यांचंच नाव घेऊन. ही नावाची देवाणघेवाण जुनी आहे, भाऊ.

बोरीबंदर_ते_ब्रॉन्क्स

इंदोरा, हे वाचून मी कामावर पाच मिनिटं उशिरा उठले. आभार.

संपादक मंडळ

या धाग्यावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. वर्णावरून विनोद इथे चालणार नाहीत. विषयावर लिहा.

गुरुवारची_शाळा

मी निवृत्त शिक्षिका, डहाणू-जव्हार भागात २६ वर्षं काढली. हजेरीत सोमी, मंगळी, बुधी, शुक्री. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. शहरातून आलेले साहेब हसायचे. इथे घानाचा उल्लेख आला म्हणून विचारते, त्यांच्यातही असंच आहे ना?

जुने_दप्तर

बाई, अगदी तंतोतंत. घानातल्या अकान लोकांत मुलीचं वाराचं नाव असं: रविवारची अकोसुआ, सोमवारची अजोआ, मंगळवारची अबेना, बुधवारची अकुआ, गुरुवारची या, शुक्रवारची अफिया, शनिवारची आमा. मुलग्यांची वेगळी.

ही नावं न्यू यॉर्कला आज पहिल्यांदा आलेली नाहीत. १७४१ साली तिथे आगी लागल्या, गुलामांचा कट म्हणून खटले चालले आणि बऱ्याच जणांना फाशी दिलं, जाळलं. जाळलेल्यांत कफी आणि क्वॅक नावाचे दोघे होते. कफी म्हणजे शुक्रवारचा कोफी, क्वॅक म्हणजे बुधवारचा क्वाकू. इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं उतरवलं. त्याच खटल्यात सीझर आणि प्रिन्स पण आहेत. ती मालकांनी गमतीने ठेवलेली नावं: ज्याच्याकडे काही नाही त्याला म्हणायचं सीझर.

आपल्या दख्खनेत वेगळी तऱ्हा होती. हबशी गुलामांना सुगंधांची, रत्नांची नावं द्यायचे: अंबर, संदल, याकूत. मलिक अंबरचं इथिओपियातलं नाव चापू. बगदादच्या मालकाने अंबर केलं. मग तो निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली (पुढचं औरंगाबाद), मोगलांना जेरीस आणलं. पण नाव मालकाचंच राहिलं.

१९९१ मध्ये लोअर मॅनहॅटनला सरकारी इमारतीचा पाया खणताना जुनं आफ्रिकी दफनस्थान सापडलं. ४१९ जणांचे अवशेष, २००३ मध्ये पुन्हा सन्मानाने पुरले. त्यांची नावं जवळपास कुणाचीच ठाऊक नाहीत. वरच्या यादीतल्या प्रत्येक आयसातूकडे मी या बाजूनेही बघतो.

बोरीबंदर_ते_ब्रॉन्क्स

'या' नावाची एक छोटी आमच्याकडे यायची. खिडकीतून "या!" म्हटलं की मला उगाच सगळ्यांनाच आत बोलावल्यासारखं वाटायचं.

मांडवीचो_माणूस

गोंयकाराचं एक टिपण. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा देताना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव चिकटायचं. म्हणून एका वाड्यावरचे सगळे एकाच आडनावाचे. नावं बदलण्याचं दुःख बायकांनी जास्त सोसलंय, ते वेगळंच. तुमच्याकडे तर लग्नात तांदळांत नवं नाव लिहितात. माझ्या बायकोचं (ती सांगलीची) तिच्या पहिल्या सासरी बदललं होतं. माझ्याशी लग्न करताना तिने जन्माचं परत घेतलं.

नाशिकची_माई

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. धागा सुनेच्या नादाने वाचायला लागले.

माझा मुलगा ब्रुकलिनला असतो. सून तिथलीच, कृष्णवर्णीय. तिची आजी साउथ कॅरोलिनाहून लहानपणी आली. सहा आठवड्यांत बाळ येईल, मुलगी आहे असं कळलंय (तिकडे सांगतात). नावांचं चाललंय. तिच्या यादीत झुरी, निया आणि इमानी आहेत. मुलगा म्हणतो, आई तू सांग तुला कोणतं आवडतं.

आता खरं सांगू? झुरी म्हटलं की मला झुरणं आठवतं. बाळाला कशाला झुरी म्हणायचं. आणि इमानी म्हटलं की आपल्याकडे 'इमानी कुत्रा' म्हणतात. सुनेला हे सांगायचं कसं? ती फार चांगली आहे. मला आवाज देते "माई" म्हणून, अगदी आपल्या वळणाने. तिला वाईट वाटू नये.

गुरुवारची_शाळा

माई, झुरी हे 'सुंदर' या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून. पण तुमच्या कानाला झुरणं ऐकू आलं ते आता जाणार नाही, मी समजू शकते.

शनिवारची_खिचडी

माई, इमानी कुत्राच का आठवावा? इमानी माणूसही म्हणतात. इमानेइतबारे म्हणतात. बेइमान ही शिवी आहे म्हणजे इमान ही केवढी मोठी गोष्ट!

जुने_दप्तर

माई, तुमच्या शंकेतच गंमत दडली आहे. आपलं मराठी 'इमान' अरबी. स्वाहिलीतलं 'इमानी' हे त्याच अरबी शब्दावरून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब व्यापारी गेले तसा तो शब्द गेला. आपल्याकडे तो फारसीच्या बोटाला धरून आला. म्हणजे तुमची सून जो शब्द म्हणते तो तुमच्या घरातला आहेच. तिकडे अर्थ 'श्रद्धा', आपल्याकडे 'निष्ठा'. चुलत बहिणी.

आता हेही सांगतो, कारण सुनेशी बोलताना उपयोगी पडेल. अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे पूर्वज बहुतेक पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतले. स्वाहिली पूर्वेची. म्हणजे ती त्यांच्या पणज्यांची भाषा नव्हेच. तरी १९६० च्या दशकात त्यांनी ती मुद्दाम निवडली, कारण कुठल्या जमातीतून आलो हेच पुसलं गेलं होतं आणि ही कोणा एका जमातीची भाषा नव्हती. १९६६ साली मौलाना करेंगा यांनी क्वान्झा हा सण सुरू केला: २६ डिसेंबर ते १ जानेवारी, सात दिवस, सात तत्त्वं, सगळी स्वाहिलीत. पाचवं निया, म्हणजे हेतू. सातवं आणि शेवटचं इमानी. तुमच्या सुनेच्या यादीतली दोन नावं बहुधा तिथून आलेली आहेत. विचारून बघा, घरी क्वान्झा करत असत का.

पारावरचा_पंच

माई, निया ठेवा. सोपं आहे, दोन्हीकडे चालेल, कोणी हसणार नाही.

इंदोरा_एक्सप्रेस

पंचभाऊ, तुम्ही "कोणी हसणार नाही" यातून बाहेरच येत नाही बुवा.

पारावरचा_पंच

माझ्या मुलीचं नाव आम्ही पणजीवरून ठेवलं होतं. तिच्या वर्गात पाच वर्षं पोरांनी तिला चिडवलं. दहावीनंतर तिने गॅझेटमध्ये बदलून घेतलं. म्हणून बोलतो. बाकी मला कोणाला खाली दाखवायचं नाही.

इंदोरा_एक्सप्रेस

हे आधीच सांगाले पाह्यजे होतं नं भाऊ. माफ करा.

जुने_दप्तर

पंचांचं ऐकून एक बाई आठवली. न्यू यॉर्क राज्यातच अल्स्टर काउंटीत गुलाम म्हणून जन्मली, नाव इझाबेला. (आज हे नाव शहराच्या हिस्पॅनिक यादीत अगदी वर असतं.) १८२७ साली राज्यात गुलामी संपली. १८४३ मध्ये ती न्यू यॉर्क शहर सोडून पायी निघाली, आणि निघताना स्वतःचं नाव ठेवलं: सोजर्नर ट्रुथ, सत्याची वाटसरू. तेव्हा तिचं वय ४५ च्या आसपास असेल. पंच, तुमच्या लेकीने दहावीनंतरच उरकलं!

नाशिकची_माई

सर्वांचे आभार. मधे दीड महिना इकडे येणं झालं नाही.

नात आली. दोघी बऱ्या आहेत. नाव इमानी ठेवलं. मधलं नाव तिच्या तिकडच्या पणजीचं आहे, साउथ कॅरोलिनावालीचं. मी सुनेला कुत्र्याचं सांगितलंच शेवटी, लपवून ठेवणं जमेना. ती पोट धरधरून हसली. म्हणाली, माई, माझ्या आजीच्या परसात जो कुत्रा होता तो घरातल्या निम्म्या माणसांपेक्षा बरा होता. क्वान्झा तिच्या आईकडे करायचे, सातव्या दिवशी धाकट्या पोरांना गोष्ट सांगायची जबाबदारी तिची असे. म्हणून तिला ते नाव हवं होतं. झुरी मुलाच्याच डोक्यातलं निघालं!

बाराव्या दिवशी बारसं केलं. मी इथून व्हिडिओवर, पहाटे साडेचारला उठून नऊवारी नेसून बसले. आत्या नाही म्हणून सुनेच्या बहिणीला आत्या केलं. पाळणा मिळाला नाही, घडीचा कॉट होता, त्याला झेंडूच्या माळा. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या झालं. तिकडच्या विहीणबाई पलीकडच्या बाजूने अगदी बरोबर हात पुढे करत होत्या, त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. "इमानी" असं नाव सगळ्यात आधी त्यांनी घेतलं, माझ्याही आधी.

एकच अडलं. सुनेच्या बहिणीने बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं (मुलाने शिकवलं होतं, छान केलं). मग तिने विचारलं की कुर्र म्हणजे काय. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या सरलाताईंकडे पाहिलं. कोणाला सांगता येईना. इथे कोणाला ठाऊक आहे का?

शनिवारची_खिचडी

अभिनंदन माई! पेढे कुठे?

आकडेमोडे

अभिनंदन. इमानीच्या यंदा शहरात दहा मुली झाल्या तर तुमची नात यादीत येईल. लक्ष ठेवतो.

बोरीबंदर_ते_ब्रॉन्क्स

माई, खूप गोड. ब्रुकलिनहून आमचा दवाखाना लांब पडेल, नाहीतर तिचं नाव मीच पुकारलं असतं आणि पहिल्याच हाकेला बरोबर पुकारलं असतं.

कुर्रचा अर्थ मलाही माहीत नाही. नवीन धागा काढा.